कोऱ्या वहीचा प्रॉम्प्टर

"काका, नाटक बसवाचं हाय. पन पुस्तक नाई, पुस्तक घ्याले पैसे नाई, अन् पाठ कराले टाइम नाई."

२०२२ सालच्या मार्च महिन्यात एका रविवारी सकाळी वस्तीतील सहा मुलगे आणि दोन मुली माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाचे हे त्यांचे पहिले वाक्य. आमची वस्ती चंद्रपूरजवळ, कोळसा खाणीच्या अंगाला लागून आहे. मुलांपैकी कोणी ठेकेदाराच्या हाताखाली, कोणी गॅरेजमध्ये. एक मुलगी शिवणकाम करणारी, दुसरी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपल्याकडे वंदना होते, भाषणे होतात, गीतगायन होते, भोजनदान होते. या मुलांना लोकांना हसवायचे होते. मी हिशेबाच्या वह्या लिहिणारा कारकून. बी.कॉम. झालेल्या माणसाला नाटकातले काय कळणार? परंतु कार्यक्रमाची वर्गणी माझ्याकडे जमा होते, त्यामुळे वस्तीतील प्रत्येक अडचण प्रथम माझ्या ओट्यावर येते.

मी त्यांना म्हटले, पुस्तक नाही तर पुस्तकाविना करा. आपल्या झाडीपट्टीत कितीतरी बोलणे ऐनवेळीच सुचलेले असते.

ज्या वाचकांनी झाडीपट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापणीला आले की गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री नाटक होते. नऊ-दहा वाजता पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचे मोठे ठाणे. डझनावारी नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत आणि गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरवून येते. शहरात प्रेक्षक कमी झाल्याची रड आहे, येथे थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसे तिकीट काढून बसतात. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्याचे परशुराम खुणे यांना याच रंगभूमीच्या सेवेसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. विनोदी भूमिकांत त्यांना पाहण्यासाठी लोक चार गावे ओलांडून जात.

आता यातील खरी गंमत. रोज नवे गाव, पुष्कळदा नवे नाटक आणि तालमीला मोजके दिवस. मग नट संवाद म्हणतो कसा? तर प्रॉम्प्टरच्या भरवशावर. विंगेत पुस्तक घेऊन बसलेला हा मनुष्य हलक्या आवाजात वाक्य सोडतो आणि नट ते झेलून रंगवून बोलतो. नायक-नायिकेला पुस्तकाजवळ राहावे लागते. विनोदी नट मात्र मोकळा असतो. गावात शिरताना त्याने सरपंचाचे नाव ऐकलेले असते, रस्त्यातला खड्डा पाहिलेला असतो. रात्री तो खड्डा हमखास नाटकात येतो आणि सरपंच पहिल्या रांगेत बसून हसतो. न हसून करतो काय?

ही विद्या नवी नाही. आपल्याकडे दंडार आहे, खडी गंमत आहे. पश्चिमेकडे तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी होई. बतावणी म्हणजे दोघातिघांचे हजरजबाबी, थापांवर थाप रचत जाणारे बोलणे. वगाचीही पुष्कळदा कथा तेवढी ठरलेली असे, शब्द ज्याचे त्याने उभे करायचे. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ साली रंगभूमीवर आलेले लोकनाट्य लिहिलेले होते खरे, पण दादा कोंडके त्यात त्या-त्या दिवसाच्या बातमीवर टोले हाणीत, म्हणून लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहत. इटलीत सोळाव्या शतकापासून अशीच मंडळी बाजारात खेळ करीत. मुखवटे ठरलेले, कंजूष म्हातारा ठरलेला, लबाड नोकर ठरलेला आणि संवाद ऐनवेळचे. अमेरिकेत शिकागोला व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी अशा नाटकाचे खेळ रचले. परदेशातून आलेल्या गरिबांच्या वस्तीत मुलांसाठी चालणाऱ्या खेळांतून त्या शिकल्या होत्या. १९६३ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि आज जगभर ते खेळ वापरले जातात. म्हणजे ही कला तेथेही मजुरांच्या मुलांतूनच वर आली.

मुलांनी प्रथम विचार केला तो दूरदर्शनवरच्या विनोदी कार्यक्रमांसारखे करण्याचा. ते जमेना. कारण त्यात जे घर दाखवितात तसे घर आमच्या वस्तीत कोणाचे नाही. मग शिवणकाम करणारी मुलगी म्हणाली, "आपन झाडीपट्टीचंच नाटक करू, पन खोटं." सगळे गप्प झाले आणि एकदम हसले. कारण ते नाटक प्रत्येकाला पाठ होते. विधवा आई असते. एक कष्टाळू भाऊ, एक शहरात जाऊन बिघडलेला. भांडकुदळ सून. दुष्ट पाटील, ज्याची नजर जमिनीवर आणि पोरीवर. आंधळा म्हातारा, ज्याला सर्व दिसते. घरगडी आणि त्याची बायको ही विनोदी जोडी. मध्येच कारण नसताना एक नाच. तिसऱ्या अंकात आईचे मरण, पण मरण्यापूर्वी एक लांब गाणे. पोस्टरवर नाव असे की वाचूनच हुंदका यावा.

पुस्तकाविना करायचे तर असाच सर्वांना ठाऊक असलेला साचा हवा. साचा ठाऊक असला म्हणजे पुढे काय होणार ते प्रेक्षक आधीच जाणतो, आणि तसे झाले नाही की हसतो. नटालाही कोठे जायचे ते ठाऊक असते, फक्त कसे जायचे ते ठाऊक नसते. "काहीही करा" असे सांगितले तर माणूस थिजतो. "तू पाटील आहेस, तुला ही जमीन पाहिजे" असे सांगितले की तोंड आपोआप उघडते.

आम्ही चार गोष्टी ठरविल्या. नाटकाचे नाव प्रेक्षकांकडून मागायचे. घरातील एक वस्तू प्रेक्षकांनी द्यायची आणि ती वस्तू म्हणजेच भांडणाचे मूळ. वस्तीतील एक चालू तक्रार मागायची, नळाची, गटाराची, कशाचीही. आणि प्रॉम्प्टरला विंगेतून उचलून मंचावर सर्वांसमोर बसवायचे, हातात कोरी वही देऊन. तो मनाला येईल ते वाक्य देईल आणि नटाने ते म्हटलेच पाहिजे. ही कल्पना गॅरेजमधल्या पोराची. आई मरणशय्येवर आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि प्रॉम्प्टर म्हणतो, "माझ्या पंक्चरचे चाळीस रुपये." आईने तेच हुंदके देत म्हणायचे!

तालीम कशाची करायची हा प्रश्न पडला, कारण संवाद तर नव्हते. तालीम केली ती ऐकण्याची. नवख्या पोरांची खोड अशी की समोरचा काही बोलला की हे म्हणतात, "नाही, असं नाही." समोरचा म्हणाला, "बाबा, तुमच्या डोक्यावर कोंबडी बसली," आणि हा म्हणाला, "कोठी कोंबडी?" की खेळ तेथेच मेला. मी त्यांना शाहिराच्या मागे उभ्या असणाऱ्या झीलकऱ्याचे उदाहरण दिले. शाहीर काहीही म्हणो, झीलकरी "जी जी" म्हणून ते उचलतोच. आधी "जी जी", मग त्याला आपली कोंबडी जोडा. "बसू दे, अंडं देईन तर तुह्या मायले देजो." पंधरा दिवस रोज संध्याकाळी पाऊण तास हेच चालले. शिवाय पाठ प्रेक्षकांकडे करायची नाही, दोघांनी एकदम बोलायचे नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असे बोलायचे. ढोलकीवाल्याला सर्वांत मोठा अधिकार दिला. प्रवेश रेंगाळला असे त्याला वाटले की त्याने थाप मारायची आणि प्रवेश संपला. उत्स्फूर्त बोलणाऱ्याला थांबायचे कळत नाही. आपल्या सभांमधूनही हा अनुभव सर्वांना आहेच.

तालमीत एका मुलाने माडिया माणसाची नक्कल केली, तुटक मराठी आणि भाबडा चेहरा. पोरे हसली. मी ती नक्कल बंद केली. मुंबई-पुण्याच्या चित्रपटात आपल्या बोलीत बोलणारा मनुष्य दिसला की तो बहुधा नोकर असतो आणि लोक त्याच्या बोलण्याला हसतात, तेव्हा आपल्याला कसे वाटते, एवढेच विचारले. ती गोष्ट मला सहज दिसली. दुसरी दिसली नाही, आणि खरे म्हणजे तीच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

१४ एप्रिल २०२२ च्या रात्री खेळ झाला. नाव मिळाले 'आईचे कुंकू, सुनेचा मिक्सर'. मिक्सरवरून दोन भावांत फाळणी झाली, नळाची तक्रार पाटलाच्या तोंडी आली, कोऱ्या वहीने धमाल उडविली. मग बिघडलेला भाऊ दारू पिऊन आला. हे ठरलेले नव्हते, त्या मुलाला ऐनवेळी सुचले. झोकांडी खात आला, दाराऐवजी भिंतीला नमस्कार केला, चप्पल काढून बायकोवर उगारली, ती हातातून निसटून त्याच्याच डोक्यावर पडली. सारा पेंडाल लोटपोट झाला. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या, मुलीचा हात धरला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला रेशन दुकानाच्या रांगेत भेटल्या. रागाने बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमी काल जे पेंडालात दाखवलं, ते मी पंधरा वर्सं घरात पाह्यलं. हासू कोठून आनू?"

वाचकहो, आपल्या या दोन जिल्ह्यांत दारू हा काय विषय आहे ते वेगळे सांगायला नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती व्हावी म्हणून डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर हजारो बाया पायी चालत गेल्या. या बाई त्यात होत्या. एप्रिल २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने काय साधले यावर दोन मते आहेत, चोरटी दारू किती आली यावर चार. पण पायांना फोड येईपर्यंत चाललेल्या बाईसमोर, बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच १४ एप्रिलला, आम्ही बेवडा नाचविला आणि टाळ्या घेतल्या.

मला आणखी एक गोष्ट बोचली. मंडप आणि लाउडस्पीकरच्या वर्गणीत चौकातल्या बारमालकाचे अकराशे रुपये होते. पावती माझ्याच हातची.

आपल्या घराघरांतून एक हकीकत सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाही, कारण तो पैसा आपल्या बाया नाचवून मिळालेला होता. पण म्हणून तमाशाची ढोलकी फेकून दिली गेली नाही. उलट भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० नंतरच्या काळात त्याच तमाशाच्या साच्यातून आंबेडकरी जलसा उभा केला. गणपतीचे नमन गेले, नाची गेली, बायांची कामे पुरुषांनीच केली. ठेवली ती बतावणी, कारण सवाल-जवाबात भोंदूला उघडे पाडायला तिच्याइतके धारदार हत्यार नव्हते. कर्डकांनी या जलशांची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवली, ते पुस्तक १९७८ साली निघाले. त्याहीपूर्वी जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले, त्यात विदूषक आहे. भटजी कुणबी जोडप्याला फसवीत असतो आणि विदूषक मध्ये मध्ये बोलून त्याची लबाडी प्रेक्षकांसमोर मांडतो. तो फसणाऱ्या गर्भार बाईची टर उडवीत नाही. त्याचे बोट फसविणाऱ्यावर असते.

आमच्या विदूषकाचे बोट कोठे होते? चप्पल नवऱ्याच्याच डोक्यावर पडली खरी, पण बायको झालेली मुलगी तेवढा वेळ नुसती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. तिला कोणी वाक्यच दिले नव्हते.

मी हे मुलांना सांगितले तेव्हा ती चिडली. "मग बेवडा काढून टाकाचा का? हासल कोन?" बेवड्याचे काम केलेला मुलगा जास्तच दुखावला होता. दोन दिवसांनी त्याने मला एकट्याला गाठून सांगितले की त्याने ती चाल आपल्या बापाची उचलली होती. मी काय बोलणार? चहा पाजला.

बेवडा काढायचा नाही असे शेवटी ठरले. उपाय बी.ए.वाल्या मुलीने काढला. बेवडा आला की पहिल्या प्रॉम्प्टरने उठायचे आणि कोरी वही बायकोच्या हातात द्यायची. आता ती सांगेल ते नवऱ्याने म्हणायचे. तालमीत पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा मुलगा छाती पुढे काढून आला, "कोन हाय घरात? मी वाघ हावो!" वही हातात घेतलेली मुलगी शांतपणे म्हणाली, "मी शेळी आहे." आणि नियमाप्रमाणे त्याला त्याच रुबाबात म्हणावे लागले, "मी शेळी हावो!" पुढचे वाक्य, "आणि मला उंदराची भीती वाटते." झोकांडी तीच, धडपड तीच, ढोलकीची थाप तीच. तालीम पाहायला ओट्याशी जमलेल्या बाया मात्र या खेपेला पदर तोंडाला न लावता हसल्या.

दुसरा खेळ ३ जानेवारी २०२३ ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला ठेवला. तिसऱ्या रांगेतल्या बाईंना मी स्वतः जाऊन बोलावणे दिले. त्या म्हणाल्या, "पाहतो." आमच्याकडे याचा अर्थ नाही असाही होतो. पण त्या आल्या, जरा मागे बसल्या. नाव मिळाले 'सासू गेली बँकेत'. खेळ पहिल्याइतका रंगला नाही. वस्तू म्हणून कोणी सायकलचा पंप दिला आणि पोरांना त्याचे काय करावे ते अर्धा अंक सुचेना. पुस्तकाविना खेळात असे होते, ते सोसायची तयारी ठेवावी. मग बेवडा आला. वही बायकोच्या हातात गेली. शेळी झाली, उंदीर झाला. मुलीला पुढचे वाक्य सुचेना. तिने वही प्रेक्षकांकडे उलटी धरली, कोरी पाने दाखविली आणि विचारले, "माय-मावश्याहो, काय लिहू?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मागून त्या बाईंचा आवाज आला, "लिव्ह, पगाराचं पाकीट कोठी हाय ते बोल."

मुलगा थांबला. हे वाक्य त्याला म्हणायचे नव्हते, त्याचे उत्तर द्यायचे होते. त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखविले आणि म्हणाला, "पाकीट हाय माय. आतला पगार मंधातल्या स्टॉपवर उतरला."

"कोन्त्या स्टॉपवर?" बाईंनी विचारले.

आणि साऱ्या पेंडालाने, पोरासोरांसकट, एका आवाजात त्या चौकाचे नाव घेतले. ढोलकीवाल्याने थाप मारली. यापुढे त्या प्रवेशात काही उरले नव्हते हे त्याला बरोबर कळले.

२०२३ च्या एप्रिलमध्ये वर्गणीच्या वहीत ते अकराशे रुपये आले नाहीत. मी मागायलाही गेलो नाही. मंडळात यावर बोलणे झाले. एक-दोघे म्हणाले, पोरांच्या तोंडामुळे वर्गणी तुटली. त्यांचेही खोटे नव्हते, कारण माइकवाल्याचा दर वाढलेला होता आणि हिशेब मलाच जुळवायचा होता. तेव्हापासून खेळाला माइक एकच असतो. तो बायकोच्या वहीला द्यायचा, बाकीच्यांनी मोठ्याने बोलायचे, असे पोरांनी ठरविले आहे.